सतरा नंबरची तिसरी वेचणी

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या संशोधन केंद्रानं मला अकोल्याला बोलावलं होतं. तिथलं सगळं काम आता एकाच संगणक प्रणालीवर घेतलं आहे. कोणत्या प्लॉटमध्ये काय पेरलं, मजूर किती लागणार, पाणी कधी, फवारणी कोणाची, हे सारं एका पडद्यावर दिसतं. त्याच्या उद्‌घाटनाला ‘या केंद्राचे पहिले नियोजन अधिकारी’ म्हणून माझा सत्कार झाला. ओळख करून देणारा अधिकारी तरुण होता, बोलायला गोड होता. तो म्हणाला, साठच्या दशकात इथे नियोजनाचा पहिला फळा आला तेव्हा जुन्या वळणाच्या लोकांनी त्याला विरोध केला. एका संशोधकाला तर तो इतका सहन झाला नाही की त्यानं नोकरीच सोडली. लोक हसले. मी खांद्यावरची शाल सावरत बसून राहिलो.

तो संशोधक माझा मित्र होता. त्यानं फळ्याला विरोध केला नव्हता. तो फळा निम्मा त्याचाच होता. तिथेच उठून हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आम्ही दोघं पन्नासच्या दशकाच्या शेवटी एकाच महिन्यात केंद्रात लागलो. मी अंजनगाव सुर्जीकडचा, काळ्या जमिनीच्या घरचा. तो अमरावतीचा. वडील गिरणीत, आई रोजमजुरीला जाणारी. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. कृषी महाविद्यालयात तो माझ्या एक वर्ष पुढे होता, पण तेव्हा ओळख नव्हती. ओळख झाली ती अकोल्यात खोली शोधताना. त्याला खोली मिळत नव्हती. का मिळत नाही हे त्याला पहिल्या घरमालकापाशीच कळलं होतं. मला तिसऱ्यानंतर कळलं. शेवटी स्टेशनच्या पलीकडे एका बोहऱ्याच्या गोदामावर एक लांबट खोली मिळाली. मालकानं एवढंच विचारलं, “रात को गाना-बजाना तो नहीं करते?” आम्ही दोघंही बेसूर. अडचण आली नाही.

त्या खोलीत आम्ही चार-पाच वर्षं राहिलो. भाकरी मी थापायचो, कारण त्याच्या भाकरीला कोपरे यायचे. आंबाडीची भाजी आणि ठेचा त्याचा. जेवताना तो प्लॉटबद्दल बोलायचा आणि मी ऐकायचो. मला आज त्या काळातलं जे परत हवंसं वाटतं ते केंद्र नाही, पद नाही. ती ताटं पुढे घेऊन बसलेली संध्याकाळ हवी वाटते, बाहेर मालगाडी शंटिंग करते आहे आणि हा बोटानं ताटातल्या भाजीवर सऱ्या काढून मला समजावतो आहे.

त्याचा प्लॉट म्हणजे सतरा नंबर. केंद्राच्या अगदी टोकाला, नाल्याजवळ, भरड जमिनीचा. कुणालाच नको असलेला. वऱ्हाडात पाऊस कधी कधी भादव्यातच हात आखडतो, आणि मग कपाशी, आमची पऱ्हाटी, बोंडं गाळून मोकळी होते. पण शेकड्यात एखादं झाड असं असतं की ते गाळत नाही. ते थांबतं. बाकी शेत वाळून काड्या झालं तरी पौष-माघात त्याची बोंडं हळूहळू फुटतात. अशी झाडं त्यानं गावोगावच्या शेतांतून हेरून सरकी आणली होती. दर वर्षी सगळ्यांत शेवटी फुटणाऱ्या बोंडांची सरकी तेवढी राखायची, तीच सगळीच्या सगळी पुढच्या वर्षी पेरायची. त्याचं म्हणणं, अशी आणखी दोन-तीन वर्षं निघाली की कोरडवाहू माणसाच्या हाती पाऊस पळाल्यावरही काहीतरी राहील असं वाण मिळेल. म्हणजे त्याच्या साऱ्या कामाची किंमत शेवटच्या बोंडात होती. आधीचं सगळं नुसतं वाट पाहणं.

त्या झाडांवर दुसऱ्या झाडांचे परागकण येऊ नयेत म्हणून, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधाव्या लागत. मी त्याच्या विभागात नव्हतो, तरी जायचो. तो एका सरीत, मी दुसऱ्या.

“अबे, गळा नको आवळू तिचा. फाशी देऊन राहिला काय?”

“मग तूच बांध ना. फुकटचा मजूर भेटला त लाड वाढले तुये.”

“फुकटचा कुठं? भाकर कोन खाऊ घालते तुले?”

“भाकर मीच थापतो बे!”

“हाव, पन पीठ मी आनतो.”

असं अंधार पडेपर्यंत चालायचं. मग तो झाडाला पत्र्याचा छोटा बिल्ला अडकवायचा आणि आम्ही सायकली घेऊन निघायचो.

मग केंद्राला नवे संचालक आले. पुण्याकडचे. बाहेरच्या देशात जाऊन नियोजनाचं शिक्षण घेऊन आले होते. त्यांनी पहिल्या आठवड्यात जे पाहिलं ते खरंच हसण्यासारखं होतं. एका प्लॉटमध्ये बाया निंदायला बसल्या होत्या आणि त्याच वेळी कीटकशास्त्रवाले तिथे औषध मारायला पोचले. माती तपासणाऱ्यांनी नमुने घेतले ते शेणखत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि बैलजोड्यांवरून तर रोज सकाळी शेड­पाशी भांडण. ज्याचा आवाज मोठा त्याची डवरणी, म्हणजे बैलांची कोळपणी, आधी.

“अहो, इथे प्रत्येक विभाग आपापलं संस्थान चालवतोय,” साहेब म्हणाले. “मला एक केंद्र हवंय. सगळं भिंतीवर लिहिलेलं दिसलं पाहिजे.”

शेत अधीक्षक म्हणून एक जुने गृहस्थ होते. जोड्या, मजूर, पंप सगळं त्यांच्या डोक्यात असे. ते म्हणाले, “साहेब, बैलाईले वाचता येत असतं, तर मी कवाच घरी बसलो असतो.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी फळा करायला घेतला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला त्या कामावर नेमलं. आज ज्याला प्रणाली म्हणतात तेच ते, फक्त विजेशिवाय. बियाणे गोदामाशेजारच्या खोलीत भिंतभर प्लायवूड, आडव्या दिशेनं हंगामाचे आठवडे, त्यावर खिळे, आणि खिळ्यांना अडकवलेली रंगीत कार्डं. काम झालं की कार्ड उलटं करायचं. मागची बाजू पांढरी. साहेबांच्या आराखड्यात प्रत्येक विभागाची एक ओळ होती. मी तसा फळा आखून खोलीवर कागदावर दाखवला, तर माझा मित्र बराच वेळ पाहत राहिला.

“हे त जुनंच झालं,” तो म्हणाला. “भांडनं कागदावर आनले नुसते. विभागाची ओळ नको करू. प्लॉटची कर. सगळे विभाग भेटतात कुठं? प्लॉटमध्ये. मग कार्डं बी तिथंच भेटू दे. ज्या आठवड्यात दोन कार्डं एका खिळ्यावर आले, तिथं भांडन आधीच दिसते.”

फळ्याचा सारा प्राण या बोलण्यात होता. मी ते दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्याचं नाव घेऊन सांगितलं. तेवढा प्रामाणिक मी तेव्हा होतो. साहेबांनी टेबलावर थाप मारली. पुढे उजव्या बाजूला जोड्या, मजूर बाया आणि पंपाचे तास यांचा तक्ता जोडला, तोही त्याच्याच सांगण्यावरून. रिकामी बसलेली जोडी किंवा टोळी एका नजरेत दिसावी, एवढाच उद्देश. दर शनिवारी सकाळी सगळे विभागप्रमुख फळ्यासमोर उभे राहायचे, मुकादमाची पत्रकं मी वाचायचो, कार्डं उलटायची, आणि पुढच्या आठवड्याची टोळी ठरायची. दोन हंगामांत शेडपाशी भांडण करायला कुणी उरलं नाही. शेत अधीक्षकांनासुद्धा फळ्याचा लळा लागला. फक्त येताना विचारायचे, “काय म्हनते आपला पंचांग?”

आता सीतादह्याचं सांगायला हवं. आमच्याकडे कापूस फुटला की वेचणीला हात लावण्याआधी सीतादही करतात. बाया शेतात एका झाडापाशी दहीभात ठेवतात, कापसाचा धागा काढून झाडांभोवती गुंडाळतात, ओटीभर कापूस वेचतात आणि दुपारीच घरी जातात. केंद्रातल्या वेचणाऱ्या बायांमध्ये एक मावशी होती, टोळीची पुढारी. सीतादही झाल्याशिवाय ती कुठल्याच प्लॉटमध्ये पाय ठेवू देत नसे. निम्म्या बायांनी मात्र छप्पननंतर असल्या पूजा सोडल्या होत्या. त्या बांधावर बसून राहायच्या.

“बसा वं बसा,” मावशी त्यांना म्हणायची, “तुमच्या वाटचा दहीभात मीच खातो.”

“खाय ना माय, पोटभर खाय. पन हजेरी आमची बी लिहाले सांग.”

हजेरी हाच मुद्दा होता. पूजेच्या दिवसाला पत्रकात जागा नव्हती, म्हणून मुकादम त्या दिवशी ‘वेचणी’ लिहायचा. नाहीतर बायांचा रोज बुडाला असता. माझ्या मित्राला पूजेचं काही नव्हतं, पण त्याच्या प्लॉटमध्येही त्यानं ती होऊ दिली आणि तशीच लिहू दिली. “मले देवाशी काई घेनंदेनं नाई,” तो म्हणाला, “पन बायाईचा रोज काहून बुडवायचा?”

म्हणजे पत्रकातली पहिली वेचणी ही वेचणी नसायची. शेत अधीक्षक पूर्वी ती मनातल्या मनात वजा करत. फळ्याला मन नव्हतं. फळ्यावर तीन वेचण्या उलटल्या की पुढचं कार्ड यायचं: पऱ्हाटी उपटणे. इतर प्लॉटमध्ये यानं काही बिघडायचं नाही, कारण शनिवारी विभागाचा माणूस उभा असायचा आणि म्हणायचा, अजून एक वेचणी आहे, थांबा. कार्ड पुढे सरकायचं. शेतकऱ्याच्या घरचा असल्यामुळे मला हे सगळं ठाऊक होतं. रकाना मात्र मी ठेवला नव्हता. ठेवू ठेवू म्हणत राहिलो.

त्या वर्षी पाऊस खरोखरच लवकर गेला. म्हणजे त्याला हवं तसं वर्ष. पौषात सतरा नंबर पाहायला गेलो तर सगळा प्लॉट करडा पडलेला, आणि त्यात मधूनमधून हिरवट, मिटल्या बोंडांची झाडं उभी. तो एकेका झाडापाशी उकिडवा बसत होता. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नाही.

“माघ लागू दे,” तो म्हणाला. “माघात फुटतीन. मग पाय तू.”

परतताना त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. पुढच्या हंगामापासून तो फळ्याच्या कामातून मोकळा होणार होता. शनिवारची बैठक, कार्डं, काही नको. वाण शेतकऱ्यांच्या रानात नेऊन पाहायचं, म्हणजे धामणगावकडे, दर्यापूरकडे, महिनेमहिने बाहेर. खोलीही कदाचित सोडेल.

मी “बरं” म्हणालो. रात्री झोप आली नाही.

याच्या पुढच्याच आठवड्यात त्याच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीत ठरलं. शुक्रवारी तो निघाला. सायकलवर पिशवी अडकवताना म्हणाला, “शनिवारी तू हायेस ना फळ्यापाशी. मंग मले काय चिंता.”

शनिवारी बैठकीत साहेब घाईत होते. सोमवारी बाहेरून पाहणी समिती येणार होती आणि जानेवारीपर्यंतची कार्डं पांढरी दिसावीत अशी त्यांची इच्छा होती. मी पत्रकं वाचत गेलो, कार्डं उलटत गेली. सतराच्या ओळीपाशी आलो. तिच्यासाठी उभा राहणारा माणूस अमरावतीत होता. पत्रकात तिसरी वेचणी होती.

“सतरा. तिसरी पूर्ण?” साहेबांनी विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. ‘साहेब, यातली एक सीतादह्याची आहे, उशिराची बोंडं उभी आहेत.’ एवढं म्हटलं असतं तर साहेबांनी मान हलवून कार्ड पुढे सरकवलं असतं. आदल्या महिन्यात साहेब मला म्हणाले होते की सतरा नंबर आटोपला की तुमच्या मित्राला नियोजन विभागात कायमचं घेऊ, तुमच्या शेजारीच टेबल देऊ. ते मला आठवलं. कायमची जागा, डोक्यावर पंखा, शनिवारची बैठक, आणि संध्याकाळी दोघं सोबत सायकलीवर घरी. त्याचं भलंच आहे, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. भलं माझं होतं. तो जाऊ नये एवढंच मला हवं होतं.

“पूर्ण,” मी म्हणालो आणि कार्ड उलटलं.

माझा हिशेब असा होता की उपटणीची पाळी पुढच्या आठवड्यात येईल, तोवर तो परत येईल, आरडाओरडा करेल, काहीतरी मार्ग निघेल. पण फळा ज्यासाठी केला होता तेच त्यानं केलं. शेजारच्या प्लॉटची उपटणी लवकर आटोपली होती आणि एक टोळी रिकामी होती. शेत अधीक्षकांनी उजवीकडच्या तक्त्यावर बोट ठेवलं. “हे बाया बसून काय करतीन? सतरात धाडून देतो.” साहेब म्हणाले, उत्तम. दुपारी चारपर्यंत सतरा नंबर मोकळा झाला होता. मी कार्यालयातच होतो. गेलो नाही.

तो सोमवारी संध्याकाळी आला. स्टेशनवरून खोलीवर न येता सरळ प्लॉटवर गेला, आणि तिथून मला बोलवायला कार्यालयात. ओरडला नाही. 

“चल लवकर. पऱ्हाटी बायाईनं नेली असन. अजून जायली नसन सगळी.”

उपटलेली पऱ्हाटी ज्या बायांनी उपटली त्यांनी सरपणाला न्यायची, हा केंद्राचा रिवाज होता. बायांची वस्ती नाल्यापलीकडे. आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक दारासमोर पऱ्हाटीची गंजी, आणि कोणती सतराची, कोणती दुसऱ्या प्लॉटची, हे कळायला मार्ग नाही. त्याची सगळी आशा बिल्ल्यांवर होती. पत्र्याचा बिल्ला दिसला की झाड सापडलं.

मावशी चुलीपुढे बसली होती. तिला आमचं काही समजेना.

“काय शोधून राहिले, बाप्पा? काड्यात काय सोनं लटकलं होतं?”

“मावशी, त्याले पत्र्याचे बिल्ले होते ना?”

“ते होय! ते पोट्ट्याईनं काढले. पाय ना तिकडे, गाडी केली त्याईनं.”

अंगणात पोरं काडेपेटीची गाडी ओढत होती. तिला बिल्ल्यांची चाकं लावलेली होती. माझा मित्र ती पाहून हसला. खरंच हसला. खाली बसून गाडी हातात घेतली, चाक फिरवून पाहिलं आणि पोराला परत दिली.

“आमाले का माईत,” मावशी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. फळ्याला ती फया म्हणायची. “मुकादम म्हने, फया म्हनते उपटा. आमी म्हनलं बी, बोंडं हायेत अजून. त म्हने, फयाले तुयापेक्षा जास्त समजते.”

मग तीही उठली. शेजारच्या बायाही आल्या. कंदील लावून साऱ्या जणी गंज्या उलगडू लागल्या आणि जी काही मिटलेली बोंडं दिसली ती तोडून त्याच्या पिशवीत टाकू लागल्या. कोणत्या झाडाची, कुणाला ठाऊक. एक पिशवी भरली. तो प्रत्येकीला “बस झालं, माय” म्हणत होता. त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं म्हणून मी कंदील धरून उभा होतो.

परतताना मी सांगणार होतो. सांगायला तोंड उघडलंही. तोच बोलला.

“फळ्याची चूक नाई बे. आपन रकाना ठेवला नाई सीतादह्याचा. मीच म्हनायले पायजे होतं. वेचनी लिहा म्हून मीच सांगतलं होतं ना.” मग म्हणाला, “तुयाजवळ पत्रक आलं त तू काय करशीन? तुले थोडीच प्लॉटमध्ये जाऊन पायता येते दरवेळी.”

त्यानं माझ्यासाठी दार बंद करून दिलं होतं आणि मी आतून कडी लावून घेतली.

समितीनं फळ्याची फार तारीफ केली. साहेबांना जे झालं ते कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले की सतरा नंबरची नोंद आता पूर्ण झालेली आहे. नवा प्रस्ताव द्या, पहिल्यापासून सुरू करा. मित्राला नियोजन विभागात टेबलही देऊ केलं. त्यानं चार दिवस विचार केला. त्या चार दिवसांत शेवटचं काम त्यानं केलं ते म्हणजे कार्डावर एक नवा रकाना आखून दिला: प्लॉटमध्ये अजून काय उभं आहे, आणि ते कोणी पाहिलं. मग राजीनामा दिला. अमरावतीच्या एका शाळेत मास्तर झाला. जाताना रागावलेला नव्हता. “भाकर जाड थापत जाऊ नको,” एवढं म्हणाला. मालगाडीच्या आवाजात मी त्या रात्री एकट्यानं जेवलो नाही, नुसता बसलो.

त्याच्या आखलेल्या रकान्यानं तो फळा खऱ्या अर्थानं चालला. पुढे मला बढत्या मिळाल्या त्या त्याच फळ्यावर. आणि लोकांनी, तो गेला आणि फळा राहिला, एवढं पाहून मधलं जे जोडायचं ते जोडलं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी एकदा कामानं अमरावतीला गेलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. वस्तीतलं नीटनेटकं दोन खोल्यांचं घर. लग्न झालं होतं, बायको माहेरी होती. आईचा डोळा छान झाला होता; तिनं मला दारातूनच ओळखलं. तो थोडा जाडावला होता, बोटांना खडू लागलेला. तसाच हसला.

“ये बे, नियोजन अधिकारी!”

मी खाटेवर बसलो आणि पाणी पिण्याआधीच विचारलं, “त्या सरकीचं काय झालं?”

“मामाच्या वावरात पेरली. बरीचशी कच्ची होती, सडली. पाच-सात झाडं उगवले. दिवाळीतच फुटले सगळे. बाकीच्या पऱ्हाटीसंगं. त्यातलं उशिराचं एक बी नोतं.”

“दुसरं साल?”

“दुसऱ्या साली काय पेरू? जे होतं ते तेवढंच होतं.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, “जाऊ दे ना. पोरं शिकवतो आता. ते बी कोनी लवकर फुटते, कोनी उशिरा.”

सांगायचं तर हेच ते घर, हीच ती वेळ होती. त्याची आई आतून मला म्हणाली, “बापू, हात धुऊन घे. ताट वाढलं.” आंबाडीचा वास येत होता. मी पाहिलं, खरंच दोन ताटं वाढलेली होती, भाकरी पातळ आणि गोल.

मला ते अन्न खाता येणार नव्हतं. त्याच्यासमोर बसून, ते पोटात ठेवून, घास गिळता आला नसता. मी उठलो. “नको आई, गाडी आहे माझी,” म्हणालो. गाडीला अजून दोन तास होते. म्हातारी म्हणाली, “दोन घास त खाय.” मी म्हणालो, “नाही, खरंच नको.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. अकोल्यात खोली शोधताना तिसऱ्या घरमालकाच्या ओट्यावरून उतरताना त्याचा चेहरा असा झाला होता. मला तो तेव्हाच ओळखता यायला हवा होता. मला तो बडनेऱ्याच्या फलाटावर, बाकावर बसल्यावर ओळखू आला. चार-पाच वर्षं एका तव्यावरची भाकर खाल्लेला माणूस आज आपल्या आईनं वाढलेल्या ताटावरून उठून गेला. आता साहेब झाला म्हणून, आता गल्लीतलं घर पाहिलं म्हणून. दुसरं काय वाटणार त्याला?

परतून जाता आलं असतं. टांगे उभे होते. मी गाडीत चढलो.

तो आता नाही. त्याची आईही नाही. ओळख करून देणाऱ्या त्या तरुण अधिकाऱ्याला मी फळ्याबद्दल आणि सतरा नंबरबद्दल लिहून पाठवणार आहे, आणि तो भला माणूस ते दुरुस्तही करेल. ताटाबद्दल कोणाला पाठवू? मी त्या दिवशी जेवलो नाही ते त्यांच्या घरचं म्हणून नाही. मी ‘पूर्ण’ म्हणालो होतो, म्हणून.